मीठ जागेवर राहतं

आमच्या गावाला पाणी आपोआप भरायची सवय जुनीच.
पंचगंगा पात्राबाहेर आली की पानपट्टीवाला चुना लावता लावता विचारतो,
राजाराम बंधाऱ्याला किती झालं?
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
पोरांना हे पाढ्यांच्या आधी पाठ.

माझा बंधारा निराळा.
कुंभार गल्ली, पहिला मजला, लोखंडी स्टँडवर
तीन फूट बाय दीड फूट समुद्र.
दोन क्लाउनफिश, एक झिंगा,
आणि एक दगड, ज्याला मी जिवंत म्हणतो
आणि धाकटा भाऊ हसतो.

उन्हाळ्यात पाणी दिवसाला दोन सूत उतरतं.
मी टर्नर, उद्यमनगरात बत्तीस वर्षं,
सूत म्हणजे सूत.
पाणी उडतं. मीठ उडत नाही.
हे कळायला मला एक मासा लागला.
कमी झालं की मी खारंच ओतायचो,
खाऱ्यावर खारं, खाऱ्यावर खारं.
निळा होता. नाव ठेवलं नव्हतं, बरं झालं.

मग हेमलतानं ते काम घेतलं.
रोज रात्री नऊला, आरओचं गोडं पाणी, कडेकडेनं.
देवघरातला तांब्या घेऊन आली पहिल्या दिवशी.
म्हटलं, तांबं झिंग्याला विष.
तिनं देवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि न्हाणीतला नवा मग धुऊन आणला.
ती देवगडची. घाट चढून आली त्याला सव्वीस वर्षं.
बोट बुडवायची, जिभेला लावायची,
आज जरा चढलंय म्हणायची.
मीटर लावलं की एक-शून्य-सत्तावीस.
पंचवीस पाहिजे.
मी मीटर पुसून डबीत ठेवायचो, काही न बोलता.

एप्रिलात सासूबाई खळ्यात पडल्या. खुबा.
ती पहाटेच्या गाडीनं गेली,
आणि माझी सेकंड शिफ्ट, घरी यायला साडेबारा.
दस्तगीर मोटारी भरतो शेजारच्या शेडात.
त्यानं फ्लोट दिला, अंगठ्याएवढा,
कूलरचा छोटा पंप, एक रिले,
आणि बिड्यांच्या पुडक्यामागं काढलेली आकृती.
पाणी उतरलं की फ्लोट उतरतो, पंप चालतो,
चढलं की बंद. एवढंच भावा, म्हणाला, संडासाच्या टाकीत काय असतंय?

कॅन मी माळ्यावर ठेवला. ती चूक.
पंप थांबला, पाणी नाही थांबलं.
वरून खाली निघालेल्या पाण्याला कोण काय सांगणार?
वीस लिटर, निम्मं समुद्रात, निम्मं फरशीवर.
सकाळी खालच्या इंगवले काकू परकर उचलून जिना चढल्या,
एप्रिलात पूर? आणि तोबी वरनं?

झिंगा दगडाखाली तीन दिवस.
मीटर एक-शून्य-बावीस.
मी मिठाचं पाणी थेंबथेंब चढवत बसलो, सलाईनच्या नळीनं,
आणि तिकडं दवाखान्यात ती तेच बघत बसलेली.
हे तिला सांगितलं नाही.

आता कॅन खाली, जमिनीवर.
नळीचं तोंड पाण्याच्या वर दोन बोटं,
आणि फ्लोटच्या वर दुसरा फ्लोट,
कारण एकट्यावर एवढा भार टाकू नये.
नळीच्या टोकाला पांढरी खपली धरते,
ती मी आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसतो.
काचेवर मार्करनं दोन रेघा मारल्यात.
एक एकोणचाळीस. एक त्रेचाळीस.

शिफ्टवरून येतो, दिवा न लावता बसतो.
पंप तीन सेकंद घुमतो, गप्प होतो.
आपोआप, आपोआप म्हणतात,
पण कॅन कुणीतरी भरायचा असतोच,
आणि तो आज तळाला गेलाय.

फोन येतो. मागं वारा, कुणाच्या तरी खाटेची करकर.
आईनं दोन चमचे पेज घेतली, म्हणते.
मग थोडं थांबून,
किती झालं?
अडतीस, म्हणतो मी.
ती हसते की नाक ओढते, वाऱ्यात कळत नाही.
चव बघितली?
नाही, म्हणतो.
बोट बुडवतो.